थोरल्याचा होकार

अवधूत तिला बघून हसला, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे वृषालीनं ओळखलं.

मिरजेच्या त्या इस्पितळात अतिदक्षता विभागाबाहेर निळ्या खुर्च्यांची रांग होती आणि तिचा थोरला भाऊ शेवटच्या खुर्चीवर पाय लांब करून बसला होता. सख्खी भावंडं, पण कित्येक वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता. दिवाळीला ती घरी आली की पहिला तास बरा जायचा, मग भांडण. आईच्या औषधांवरून, गिरणीवरून, आईला पुण्याला न्यायचं की नाही यावरून, आणि काहीच हाताशी नसलं तर चकलीत मोहन कमी पडलं यावरून. आज तोच माणूस शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिला जागा करून देत होता.

"आलीस व्हय? बस. रस्त्यात तरास न्हाई ना झाला? भडंग खातेस?"

"आई कशी आहे?"

"तशीच. बघून ये जा आत. माझं झालं सकाळी."

"काय झालं?"

"होकार दिला की." वीजबिल भरून आल्यासारखा तो म्हणाला. "सिस्टरनी टॅब दिला हातात. वाचलं, दाबलं. आता तुझं तेवढं ऱ्हायलंय."

वृषाली उभीच राहिली. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला त्या दिवशी याच माणसानं फोनवर सुनावलं होतं, की आईची यंत्रं काढायची भाषा जो करील त्याचे हात मोडून गळ्यात बांधीन. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. मेंदूचा मोठा भाग गेला आहे, श्वास यंत्रावर चालू आहे, परत येण्याची आशा जवळजवळ नाही. वृषाली म्हणाली होती, आता तिला सोडवावं. अवधूत म्हणाला होता, तू तिकडं पुण्यात बसून माझ्या आईला मारू नगंस. त्यानंतर दोघांनीही एकमेकांना जे ऐकवलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं होतं.

"तू तर नाही म्हणत होतास."

"म्हणत होतो खरं. पर तुझंच बरोबर हाय, वृषे."

तुझंच बरोबर. जन्मात हे त्याच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण त्या टॅबवरचा पडदा कुणी घडवला होता हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो तिनंच घडवला होता.

बालेवाडीतल्या 'अलगद' नावाच्या कंपनीत वृषाली चौगुले वापरकर्ता-संशोधक होती. म्हणजे नेमकं काय, हे आईला कधी पटलं नाही. "माणसं फोन वापरत्यात आणि तू त्यांच्या तोंडाकडं बघत बसतीस," ती म्हणायची, "आणि ह्याला शिक्षण लागतं?" पण काम साधारण तेच होतं. माणसाला समोर बसवायचं, अर्धंकच्चं ॲप हातात द्यायचं आणि सांगायचं, मनात येईल ते मोठ्यानं बोलत बोलत वापरा. आपण मदत करायची नाही. त्यानं विचारलं, 'आता काय करू?' तर उत्तर द्यायचं नाही, उलट विचारायचं, 'तुम्हाला काय वाटतं?' ही सवय वृषालीच्या हाडीमासी इतकी खिळली की नवऱ्यानं भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं, तरी ती म्हणायची, तुला काय वाटतं? नवरा सोडून गेला त्याला बाकीही कारणं होती, पण हे एक होतंच.

'अलगद'चा शोध दिसायला साधा होता. फोनच्या काचेला बोट टेकायच्या आधीच ते जवळ आल्याचं कळतं, कारण काचेखालच्या विद्युतक्षेत्रात बोटाच्या नुसत्या जवळ येण्यानं फरक पडतो. पूर्वी हा फरक कचरा समजून गाळून टाकत. 'अलगद'च्या मंडळींनी तो साठवला आणि त्यांना दिसलं, की ठाम माणसाचं बोट सरळ उतरतं. मनात शंका असलेल्याचं बोट काचेवर लटकतं, थरथरतं, किंचित मागे सरतं. समोरच्या कॅमेऱ्यातून डोळ्याच्या बाहुलीचं आकुंचन-प्रसरण मोजून त्याला जोडलं आणि गणित जमलं. आपण कचरतोय हे माणसाला स्वतःला जाणवायच्या आत, पापणी लवते तेवढ्या अवधीत, पडद्याला ते कळू लागलं.

आता कळलं तर काय करायचं? सरळ माणसं म्हणाली असती, थांबवा, डॉक्टरांना बोलवा. 'अलगद'मध्ये सरळ माणसं नव्हती, संवेदनशील माणसं होती. त्यांनी ठरवलं, कचरणं ही वेदना आहे आणि वेदना दूर करणं म्हणजेच माणसाला केंद्रस्थानी ठेवणं. म्हणून त्या पापणीभर अवधीत पडद्यावरचं एक वाक्य बदलायचं. बटणं तीच, कायद्याचा मजकूर तोच, फक्त वरची एक ओळ बदलायची. ज्या माणसाला जी लागू पडेल ती. शंका उगवायच्या आत तिच्या जागी कारण येऊन बसायचं. मेंदू असा की आधी हो म्हणतो आणि मग त्या होकाराला कारण शोधत फिरतो. इथे कारण आयतं मिळायचं आणि माणूस ते आपलंच समजायचा. शंका आल्याची आठवणही उरायची नाही, मग पश्चात्तापाला धरायला काही सापडायचं नाही.

इस्पितळांना हेच हवं होतं. अत्यवस्थ माणसाचे उपचार थांबवायला सगळ्या सज्ञान मुलांची संमती लागायची आणि त्यापायी व्हरांड्यात भाऊ भावाच्या उरावर बसायचा. 'होकार' नावाचं हे ॲप आलं आणि व्हरांडे शांत झाले. वृषालीनं त्यावर ठिकठिकाणी भाषणं दिली. भाषणाच्या शेवटी लोक डोळे पुसायचे आणि तीही पुसायची.

कुणाला कोणतं वाक्य लागू पडेल हे ठरवायला नमुन्याची माणसं लागत. पुष्कळ मुलाखती घ्यायच्या, त्यांचा अर्क काढून एक कल्पित माणूस बनवायचा, त्याला नाव आणि चित्र देऊन भिंतीवर चिकटवायचा आणि मग सगळी रचना त्याच्यासाठी करायची. थोरल्या मुलाचा नमुना काही केल्या जमेना. थोरले मुलाखतीला येत नसत आणि आले तर 'बरं आहे' याच्या पलीकडे बोलत नसत. मुदत जवळ आली. तेव्हा वृषालीनं या धंद्यात कुणी कबूल करत नाही ते केलं. अंतर्बाह्य माहीत असलेला एकच माणूस घेतला, त्याचं गाव बदललं, त्याला मिशी लावली आणि भिंतीवर टांगला. खाली लिहिलं, 'थोरला'. आणि त्याच्याखाली, तो कशानं वळतो ते लिहिलं.

"पडद्यावर काय लिहिलं होतं रे?" तिनं आता विचारलं. आपला आवाज संशोधकाचा आहे, बहिणीचा नाही, हे तिलाच ऐकू आलं.

अवधूतनं भडंगाचा घास संपवला. "काय बरं? हां. 'तुम्ही थोरले. आई तुमच्या शब्दाबाहेर कधीच नव्हती.' लई बरं वाटलं बघ वाचून. मोकळं वाटलं."

वृषाली त्यानं मोकळ्या केलेल्या खुर्चीत बसली.

वडील गेले तेव्हा अवधूत सांगलीला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता आणि घरात चालू गिरणी होती. आईनं त्याला कॉलेज सोड असं कधीच म्हटलं नाही. तिनं त्याला जेवायला वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "तू थोरला. मी तुझ्या शब्दाबाहेर न्हाई." दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन गिरणीवर उभा राहिला. पुढे त्याचं लग्न, घरावरचा मजला, आजारी मामाला घरी आणणं, जे जे आईला हवं होतं ते ते याच एका वाक्यानं झालं. आई, चौगुल्यांची मंदाकिनी, जन्मात कुणाच्या शब्दात नव्हती. गिऱ्हाईक असो की नगरसेवक, तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. पण ते वाक्य तिनं उच्चारलं की अवधूत छाती पुढे काढून सापळ्यात चालत जायचा, आणि भिंतीला टेकून अभ्यास करणारी वृषाली ते बघायची. त्याच गिरणीच्या पिठावर ती पुण्याला शिकली. त्यानं ते कधी विसरू दिलं नाही, आणि तिनं त्याबद्दल त्याला कधी माफ केलं नाही.

आईचं ते वाक्य तिनं उचललं, 'तू'चं 'तुम्ही' केलं आणि कंपनीला दिलं. आणि ते फिरून याच माणसावर, याच आईसाठी चाललं होतं.

ती उठून जिन्यात गेली आणि तिनं फोन लावला. पार्थिव देवस्थळी 'होकार'चा प्रमुख होता; तो कधी आवाज चढवत नसे आणि त्याचा तिला आज पहिल्यांदा राग आला.

"माझ्या भावाचा होकार मागे घ्यायचाय."

"मागे घेता येत नाही, वृषाली. ते बटण तूच काढायला लावलंस. ज्यांना मागे फिरता येतं ते झोपत नाहीत, असा तुझाच निष्कर्ष होता."

"दुसऱ्यानं नकार दिला तर?"

"तर कायद्यानं सगळ्यांचे होकार रद्द. मग पडदा नाही, डॉक्टरांसमोर बसून तोंडी." तो थांबला. "पण तू नकार कशाला देशील? सोडवावं हे तर तुझंच मत होतं."

"अजूनही आहे."

"मग अडचण काय आहे? तुला जे हवं होतं ते त्याला शांतपणे पटलं."

"पटलं नाही त्याला. फसवलंय त्याला."

"तुझ्या भाषणात तू याला 'सोबत' म्हणायचीस." देवस्थळीच्या आवाजाला सुरकुतीही पडली नाही. "हो म्हण आणि आईला निरोप दे. आणि एक लक्षात ठेव, पडदा तुलाही ओळखतो."

तिनं फोन तोडला. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा एकही शब्द खोटा नव्हता.

आत आई होती. तोंडात नळी, हातावर चिकटपट्ट्या, केस कुणीतरी नीट विंचरलेले, जे आईनं कधी कुणाला करू दिलं नसतं. छाती यंत्राच्या तालात वरखाली होत होती. वृषालीनं तिचा हात धरला. तो उबदार होता आणि त्यात आई नव्हती. हिला असं ठेवणं चूक आहे, हे तिला मनोमन वाटत होतं. यात तिचं मत तसूभरही हललं नव्हतं.

"घ्या ताई, वेळ घ्या," म्हणत सिस्टरनी टॅब हातात दिला आणि त्या कापडी आडोशामागे गेल्या.

दोन बटणं होती, 'होकार' आणि 'नकार'. तिचं बोट काचेवर आलं आणि थबकलं. लगेच वरची ओळ बदलली.

'तुम्ही लांब होतात. आईनं कधी तक्रार केली नाही.'

हा 'लांबची लेक' नावाचा नमुना होता. तोही तिनंच बनवला होता, आणि त्यासाठी कुणाला भिंतीवर टांगलं होतं हे विचारायची गरज नव्हती. ओळ धादांत खोटी होती. आईनं तक्रार केली नाही असा एक फोन नव्हता. तरी वृषालीचे खांदे सैल पडले आणि बोट 'होकार'कडे आपोआप झुकायला लागलं. किती छान वाटत होतं. आईनं तक्रार केली नाही. ओळ लिहिणारीलासुद्धा ती ओळ लागू पडत होती.

तिनं हात झटकन मागे ओढला, टॅब पलंगावर पालथा टाकला आणि ती बाहेर आली.

"झालं?" अवधूतनं विचारलं.

"नाही. दादा, एक कर. आईला का सोडायचं, ते मला मोठ्यानं सांग. मनात येईल ते बोल, थांबू नकोस."

"का म्हंजे? आपण थोरले. आपल्या शब्दाबाहेर ती न्हाई."

"ते नको. तुला काय वाटतं ते सांग."

"तेच वाटतं."

"गिरणीचं आठव. कॉलेज सुटलं ते आठव. तिच्यावर राग नाही तुझा?"

"असूंदे की आता. झालं गेलं." त्यानं पिशवी पुढे केली. "खा थोडं. तोंड बघ कसं झालंय."

मग तिनं ठरवून घाव घातला. जे बोलल्यावर या माणसानं एरवी खुर्ची फेकली असती, ते ती बोलली. "तू आईला मारतोयस. लहानपणापासून तुला तिच्यावर सूड उगवायचा होता, तो उगवतोयस."

अवधूतनं तिच्याकडे प्रेमानं बघितलं. "असं का बोलतीस गं? दमलीयस तू."

त्याच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. तिथे गिरणी नव्हती, आई नव्हती, बहीणही नव्हती. गुळगुळीत समाधान तेवढं होतं. आईला तर मेंदूतल्या रक्तानं नेलं होतं. पण हा भांडखोर, आडमुठा, पिठानं पांढरा झालेला माणूस वृषालीनं आपल्या हातानं पुसला होता, आणि त्याच्याशिवाय आईसाठी रडायला दुसरं कुणीही नव्हतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. देवस्थळीचा राग, कंपनीचा राग, स्वतःच्या भाषणांचा राग, आणि त्या मरणाऱ्या बाईचाही राग, जिनं लेकाला एकदा सरळ शब्दांत 'माझ्यासाठी थांब' म्हटलं नाही.

ती आत गेली. टॅब उचलला. या नकारानं आई या नळ्यांत आणखी राहील हे तिला माहीत होतं, आणि ते पाप आपल्या नावावर घ्यायची तिची तयारी होती. रागावलेलं बोट सरळ उतरतं, हे संशोधनही तिचंच होतं. तिचं बोट सरळ उतरलं. पडद्याला वाक्य बदलायला उसंतच मिळाली नाही.

बाहेर अवधूतचा फोन वाजला. मग पावलं वाजली आणि तो फोन हातात धरून आत आला. 'कुटुंबातील एका सदस्याच्या नकारामुळे आपला होकार रद्द झाला आहे.'

"हे काय केलंस?" तो म्हणाला. अजून मऊच. "तुलाच तर सोडवायचं होतं."

"तू वाचलंस ते वाक्य आईचं होतं, दादा. मी चोरलं. कॉलेज सोडताना जेवायला वाढून जे म्हणाली होती तेच. तुला वळवायचं कसं हे मी लिहून दिलं कंपनीला. तुझ्यासारखे किती थोरले वळले असतील त्यावर, मला माहीत नाही."

अवधूत फोनकडे बघत राहिला. मग आईकडे. ओठ हलले, त्यानं ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं असावं, आणि या वेळी ते कुणाच्या आवाजात आहे हे त्याला ऐकू आलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग मानेपासून लाल होत गेला.

"मी हो म्हणालो," तो म्हणाला. "मी आईला हो म्हणालो. आणि भायेर बसून भडंग खाल्लं."

"हो."

"आणि ते तू केलंस."

"मी केलं."

"माझा हात धरून केलंस." आवाज चढला आणि चढतच गेला. "गिरणीनं माझं आयुष्य खाल्लं, ते पुरलं न्हाई व्हय तुला? माझ्या आईचं मरणबी मला सरळ रडू देऊ नगंस? तुझ्या त्या भिंतीवर लावायला मीच गावलो? जीभ झडली न्हाई तुझी ती भाषणं करताना?"

सिस्टर धावत आल्या. "अहो, इथे आवाज नको." दोघांनीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

"बोल की," अवधूत गरजला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही. "आता काय करायचं? सांग. आईचं आता काय करायचं?"

तुला काय वाटतं, हे वाक्य वृषालीच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यभराच्या सवयीनं ते पुढे सरकलं. तिनं ते गिळलं.

"मला वाटतं सोडावं," ती म्हणाली, आणि तिची पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली. "ती हितं न्हाई, दादा. पर मला भ्या वाटतंय. तिनं मला एकदाबी बरं म्हटलं न्हाई आणि आता कधीच म्हणणार न्हाई."

"मला न्हाई सोडायचं," तो म्हणाला. "अजून न्हाई."

"मग कधी?"

"मला काय म्हाईत कधी? तुला पुण्याची घाई असंल."

"घाई कुणाला हाय? तू तिला असं सुयांनी टोचत ठेवणार व्हय?"

"तू मला शिकवू नगंस!"

पलंगाच्या एका बाजूला तो होता आणि दुसऱ्या बाजूला ती, आणि मधे यंत्राच्या तालात श्वास घेणारी आई. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेल्या. या भांडणाचा शेवट काय होईल हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ते ओळखणारा पडदा पलंगावर काळा होऊन पडला होता.

अवधूतनं कोपऱ्यातलं स्टूल पायानं ढकललं. ते सरकत येऊन वृषालीच्या गुडघ्याला लागलं.

"बस खाली," तो खेकसला. "उभ्यानं काय भांडतीस."